बर्लिनचा तो नदीच्या दोन्ही काठांवरचा मतदारसंघ

प्रश्न असा होता की जर्मनीत लोक पक्षालाच मत देतात ना, मग तिथल्या एखाद्या मतदारसंघाला इतिहास असा काय असणार, आणि फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबर्ग हे लांबलचक नाव दर निवडणुकीत बातम्यांत का येतं. मी 1998 पासून बर्लिनमध्ये आहे, दुभाष्याचं काम करते, आणि पासपोर्ट बदलल्यावर 2009 पासून जवळपास प्रत्येक निवडणुकीला मतदान केंद्रावर वालहेल्फर म्हणून बसलेय (म्हणजे आपल्याकडे शिक्षकांना बसवतात तसं, फक्त इथे हौसेने नाव देता येतं आणि दिवसाच्या शेवटी ‘एर्फ्रिशुंग्सगेल्ड’ नावाचे चहापाण्याचे पैसे मिळतात). त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

आधी ते ‘पक्षालाच मत’ प्रकरण. अर्धं खरं आहे. 1953 पासून इथे प्रत्येकाला दोन मतं आहेत, एकाच कागदावर. डावीकडचं पहिलं मत मतदारसंघातल्या माणसाला, उजवीकडचं दुसरं मत पक्षाच्या यादीला. संसदेत कुणाचे किती लोक बसणार ते दुसऱ्या मतावर ठरतं, म्हणून लोकांना वाटतं पहिलं मत हे नुसतं दाखवायला. पण पाच टक्क्यांची अट आहे ना, तिथे खरी मेख आहे. देशभरात 5 टक्के दुसरी मतं मिळाली नाहीत तर पक्ष बाहेर, मोठा अपवाद असा की तीन मतदारसंघ थेट जिंकले तर 5 टक्के माफ. म्हणजे 4 टक्केवाल्या पक्षासाठी तिसरा मतदारसंघ हा अक्षरशः जीवन-मरणाचा प्रश्न, एका सीटवर अख्खी यादी आत येते किंवा अख्खी बाहेर राहते. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं मागे, कारण गंमत अशी की हा ‘नवीन’ म्हणवला जाणारा मतदारसंघ साधारण तसाच कैसरच्या काळात पण होता. 1871 नंतरच्या जर्मन साम्राज्यात 397 मतदारसंघ, त्यातले 6 बर्लिन शहरात, मत फक्त 25 वर्षांवरच्या पुरुषांना. बर्लिन 4 नंबरचा जो मतदारसंघ होता त्यात श्प्रे नदीच्या उत्तरेचा श्ट्रालाउ भाग आणि दक्षिणेचा लुइझनश्टाट या वस्तीचा बाहेरचा भाग होता, म्हणजे ढोबळमानाने आजचं फ्रीडरिक्सहाइन आणि आजच्या क्रॉइत्सबर्गचा पूर्वेकडचा तुकडा. कामगार वस्ती, मागच्या अंगणातल्या अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत पूर्ण कुटुंब. इथून 1884 पासून 1911 ला मरेपर्यंत पाउल झिंगर निवडून येत होते, सोशल डेमोक्रॅट, आणि धंद्याने बायकांच्या कोटांचे कारखानदार! कामगारांचा खासदार स्वतः कारखानदार, शिवाय ज्यू, आणि वर पक्षाच्या सभा-वर्तमानपत्रांवर तेव्हा बंदीचा कायदा चालू (1878 ते 1890). 1886 ला तर पोलिसांनी त्यांना बर्लिनमधूनच तडीपार केलं, खासदार बर्लिनचा आणि बर्लिनमध्ये राहायला बंदी. तरी लोक निवडून देतच राहिले. आज फ्रीडरिक्सहाइनमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मी तिथून जाते तेव्हा शेजारच्या कुणाला विचारलं की हे कोण, तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं.

त्या काळातली एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट वाचावी अशी आहे. मतदारसंघांच्या सीमा एकदा आखल्या त्या 1912 पर्यंत बदलल्याच नाहीत, आणि मधल्या काळात खेड्यातून शहरात लोंढे आले. शेवटी अशी वेळ आली की बर्लिनला लागून असलेल्या टेल्टो-शार्लोटनबुर्ग भागात 3 लाखांहून जास्त मतदार आणि शाउम्बुर्ग-लिपे नावाच्या चिमुकल्या संस्थानात 10-11 हजार, आणि दोघांनाही एकच खासदार. सीमा बदलल्या तर शहरातले समाजवादी वाढतील ही सरकारला भीती, म्हणून हातच लावला नाही. 1907 ला सोशल डेमोक्रॅट्सना 29 टक्क्यांच्या आसपास मतं आणि सीटा फक्त 43! आपल्याकडे 1971 च्या जनगणनेवर राज्याराज्यांच्या सीटा गोठवून ठेवल्यात आणि आता दक्षिण-उत्तर वाद चाललाय तो ऐकला की मला हेच आठवतं. कारणं वेगळी आहेत, मान्य, पण गणित तेच.

वायमार काळात (म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या प्रजासत्ताकात, 1919 नंतर) जर्मनांनी हा सगळा त्रासच काढून टाकला, देशाचे 35 भलेमोठे विभाग, याद्या, आणि दर 60,000 मतांना एक सीट. बायकांनाही मत मिळालं. पण ‘आमचा खासदार’ ही कल्पना गेली. नंतर हिटलर, युद्ध, ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

1949 नंतरचा भाग मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतो. पश्चिम बर्लिन पश्चिम जर्मनीचा भाग आहे असं आपण सहज म्हणतो, पण कायद्याने तिथे अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सचा ताबा होता, आणि त्यांनी सांगितलं की बर्लिनकरांनी बुंडेस्टागसाठी (म्हणजे संसदेसाठी) थेट मतदान करायचं नाही. मग व्हायचं काय, तर शहराची विधानसभा आपले प्रतिनिधी बॉनला (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) पाठवायची, नंतरच्या काळात 22 जण, आणि त्यांची मतं कायद्यांवर वेगळी मोजायची, म्हणजे धरायची नाहीत! पुढे चान्सलर झालेले विली ब्रांट असेच बर्लिनचे प्रतिनिधी म्हणून बॉनला बसलेले. हा मताचा अधिकार पूर्ण मिळाला तो जून 1990 मध्ये. म्हणजे क्रॉइत्सबर्गमध्ये राहणारा माणूस 40 वर्षं जर्मन संसदेसाठी मत देऊ शकत नव्हता, आणि नदीपलीकडे फ्रीडरिक्सहाइनवाला मत द्यायचा खरा (पूर्व जर्मनीच्या संसदेसाठी थेट तर 1981 पासूनच) पण एकाच ठरलेल्या यादीला, कागद घडी करून पेटीत टाकायचा, त्यालाच लोक चेष्टेने ‘घडी घालायला जातो’ म्हणायचे. दोन्ही काठांवरच्या लोकांनी मिळून खरी अशी बुंडेस्टागची पहिली निवडणूक 2 डिसेंबर 1990 ला पाहिली.

नदीचं पण सांगायला हवं, नाहीतर नुसत्या नकाशावरून कळणार नाही. इथे श्प्रे नदी अख्खी पूर्व बर्लिनची होती, अगदी क्रॉइत्सबर्गच्या धक्क्यापर्यंत. म्हणजे पश्चिमेच्या काठावर उभं राहून पाय खाली सोडले तर पाय पूर्व जर्मनीत. साठ-सत्तरच्या दशकात क्रॉइत्सबर्गच्या धक्क्यावर खेळणारी मुलं पाण्यात पडली आणि बुडाली, पाच मुलं, त्यात तुर्की कामगारांची पण, कारण पश्चिमेच्या अग्निशामक दलाने पाण्यात उतरायचं म्हणजे सीमा ओलांडायची, आणि पलीकडून गोळी येईल ही भीती. 1975 ला अशीच एक घटना झाल्यावर शेवटी दोन्ही बाजूंनी बुडणाऱ्याला वाचवण्याचा करार केला. त्या जागेवरून आज पर्यटक बोटीत बसतात. समोर ओबरबाउम पूल, लाल विटांचा, दोन बुरुजांचा. भिंत असताना त्यावरून फक्त पायी, तेही परवानगीने. 1994 ला दुरुस्त होऊन उघडला आणि पुढच्या वर्षी वरून मेट्रो परत धावायला लागली.

आता मुख्य मुद्द्याकडे. एकीकरणानंतर या भागात हा मतदारसंघ नव्हताच. फ्रीडरिक्सहाइन हे लिष्टनबर्गबरोबर, क्रॉइत्सबर्ग हे श्योनेबर्गबरोबर, आणि प्रेन्त्सलाउअर बर्ग हे मिट्टेबरोबर. म्हणजे पूर्व पूर्वेबरोबर, पश्चिम पश्चिमेबरोबर. पूर्वेतला जुना सत्ताधारी पक्ष नाव बदलून पीडीएस झाला होता, देशभर ताकद कमी पण पूर्व बर्लिनमध्ये घट्ट. 1994 ला त्यांना देशात 4.4 टक्के मिळाले, म्हणजे बाहेर जायला हवे होते, पण बर्लिनमध्ये चार मतदारसंघ थेट जिंकले, पक्षाचा सगळ्यात ओळखीचा चेहरा गिझी, क्रिस्टा लुफ्ट (फ्रीडरिक्सहाइन-लिष्टनबर्ग), मानफ्रेड म्युलर, आणि मिट्टे-प्रेन्त्सलाउअर बर्गमधून लेखक श्टेफान हाइम. त्या चार जणांच्या जोरावर 30 खासदार संसदेत! हाइम तर सगळ्यात वयस्कर म्हणून त्यांनी नव्या संसदेचं पहिलं भाषण केलं, आणि समोरच्या बाकांवरच्या बऱ्याच लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. 1998 ला पुन्हा चार थेट जागा, तेव्हा टक्केही 5.1 होते.

मग 2002. संसद छोटी करायची ठरलं, मतदारसंघ 328 वरून 299. बर्लिनचे 13 चे 12 झाले. त्याआधी 1 जानेवारी 2001 ला शहराने आपले 23 वॉर्ड एकत्र करून 12 केले होते, आणि त्यात मुद्दाम काही ठिकाणी पूर्व-पश्चिम जोडलं. फ्रीडरिक्सहाइन आणि क्रॉइत्सबर्ग असा एक वॉर्ड झाला, मधे नदी, जोडायला गाड्यांचा एकच पूल. (त्या पुलावर दोन्हीकडची पोरं दर उन्हाळ्यात जमून एकमेकांवर सडक्या भाज्या आणि पाणी फेकायची, ‘आमचा वॉर्ड तुमच्यात विलीन होणार नाही’ म्हणून. वास भयंकर.) मतदारसंघ या नव्या वॉर्डांवर बसवले, पण एवढ्याने मतदार पुरेनात, म्हणून प्रेन्त्सलाउअर बर्गचा पूर्वेकडचा तुकडा कापून जोडला. त्यामुळे ते आगगाडीसारखं नाव, बर्लिन-फ्रीडरिक्सहाइन-क्रॉइत्सबर्ग-प्रेन्त्सलाउअर बर्ग ओस्ट.

पुरेनात म्हणजे कसं, तर इथे मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीपेक्षा 25 टक्क्यांहून जास्त वर-खाली असेल तर सीमा बदलावीच लागते. आणि मोजायचे फक्त जर्मन नागरिक. क्रॉइत्सबर्गमध्ये 1961 च्या करारानंतर आलेले तुर्की लोक पिढ्यानपिढ्या राहतात, त्यातल्या ज्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट नाही ते या गणितात नाहीतच, मतदार म्हणून नाही आणि आकडा म्हणूनही नाही. 2002 मध्ये मी पण त्यातलीच होते. सीमा सुचवणारा आयोग राष्ट्राध्यक्ष नेमतात पण तो फक्त सुचवतो, शेवटी संसद कायदा करते, म्हणजे ज्यांच्या सीटा जाणार तेच हात वर करणार. आपला डिलिमिटेशन कमिशन एकदा आदेश काढला की संसदसुद्धा त्यात काना-मात्रा बदलू शकत नाही, या बाबतीत मला आपलं बरं वाटतं. मी मूळची सांगलीकडची, 2009 ला शेजारचा इचलकरंजी मतदारसंघ जाऊन हातकणंगले आला तेव्हा किती लोकांची गणितं बिघडली ते ऐकून आहे.

तर बघा या एका कात्रीने काय झालं. फ्रीडरिक्सहाइन लिष्टनबर्गपासून तोडून क्रॉइत्सबर्गला. मिट्टे पश्चिमेच्या वेडिंग आणि टिअरगार्टनला. प्रेन्त्सलाउअर बर्गचे दोन तुकडे. पीडीएसचे चार किल्ले होते त्यातले दोन राहिले, मार्त्सान-हेलर्सडॉर्फला पेट्रा पाउ आणि लिष्टनबर्गला गेझिने ल्योच. देशात मतं 4.0 टक्के. तिसरी सीट नाही म्हणून यादी गेली पाण्यात, आणि पुढची तीन वर्षं अख्ख्या पक्षाच्या फक्त या दोघी बायका संसदेत, मागच्या रांगेत, सुरुवातीला तर बसायला धड टेबलसुद्धा नाही. आता सगळं खापर सीमांवर फोडणं बरोबर नाही, गिझींनी त्याच उन्हाळ्यात बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिलेला, वर इराक आणि पूर यावर एसपीडीचे (सोशल डेमोक्रॅट पक्षाचे) चान्सलर श्र्योडरनी पूर्वेतली मतं ओढली. पण जुन्या सीमा असत्या तर तिसरी सीट निघाली असती का, यावर आजही इथे चहाच्या टेबलावर वाद होतात, आणि मला विचाराल तर शक्यता बरीच होती.

आणि त्याच कात्रीने दुसऱ्या पक्षाची लॉटरी लागली. हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले, ग्रीन पक्षाचे, वकील, जन्म 1939, सत्तरच्या दशकात आरएएफ या डाव्या दहशतवादी गटाच्या आरोपींचे वकील आणि त्यापायी स्वतःलाही सस्पेंडेड शिक्षा झालेली, ‘टात्स’ या पेपरच्या संस्थापकांपैकी एक. लाल मफलर, पांढरे केस, सायकल. 2001 ला अफगाणिस्तानात सैन्य पाठवायला त्यांनी विरोध केला, स्वतःच्याच पक्षाचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांच्या विरोधात. मग 2002 च्या यादीत पक्षाने त्यांना जिंकण्यासारखी जागा दिलीच नाही. म्हातारा म्हणाला ठीक आहे, मी थेट मतदारसंघातून उभा राहतो. तोवर जर्मनीत कुठल्याही ग्रीनने थेट सीट जिंकली नव्हती, त्यामुळे सगळे हसले. पोस्टर्स व्यंगचित्रकार गेऱ्हार्ड झायफ्रीडची, कॉमिक्ससारखी, आणि घोषणा यमकात, ‘श्ट्रोबेले व्हेलेन हाइस्ट फिशर क्वेलेन’, म्हणजे श्ट्रोबेलेंना मत द्या, फिशरना छळा! स्वतःच्या पक्षाच्या नेत्याला छळायचं म्हणून मत मागणारा उमेदवार मी तरी दुसरा पाहिला नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी प्रचार करताना एका निओनाझीने त्यांच्या डोक्यात दांडका घातला. रविवारी 31.6 टक्के मिळून निवडून आले, एसपीडीला थोडक्यात मागे टाकून. माझी तेव्हाची घरमालकीण आयुष्यभर एसपीडीवाली, ती म्हणाली, माझं दुसरं मत अजून त्यांनाच आहे, पहिलं फक्त या सायकलवाल्याला.

तिचं ते वाक्य म्हणजे या मतदारसंघाची किल्ली आहे. 2005 ला श्ट्रोबेले 43 टक्क्यांच्या वर, 2009 ला जवळपास 47, 2013 ला जवळपास 40, आणि त्यांच्या पक्षाची दुसरी मतं त्यापेक्षा खूपच खाली. मी 2009 ला पहिल्यांदा मोजायला बसले. सहा वाजता दार बंद, पेटी टेबलावर रिकामी करायची, आणि ढीग लावायचे. दोन्ही मतं एकाच पक्षाला असलेले कागद एका बाजूला, दोन वेगवेगळ्या पक्षांना असलेले दुसऱ्या बाजूला, मग अर्धवट आणि बाद. बाकीच्या ठिकाणी ‘वेगवेगळे’वाला ढीग छोटा असतो असं आमचा अनुभवी केंद्रप्रमुख सांगत होता, आणि आमच्या टेबलावर तो ढीग कोसळून जमिनीवर गेला. डावीकडे श्ट्रोबेले आणि उजवीकडे एसपीडी, डावे, अगदी दोन-चार ठिकाणी मर्केलबाईंचा सीडीयू पण!

तेच श्ट्रोबेले ऑक्टोबर 2013 मध्ये, वय 74, मॉस्कोला जाऊन एडवर्ड स्नोडेनना भेटून आले. 2017 ला ते थांबले, ऑगस्ट 2022 मध्ये वारले. त्यांच्या जागी जानान बायराम, त्या पण वकील, जन्म तुर्कस्तानातला मालात्या. त्यांना 2017 ला फक्त 26 टक्क्यांच्या आसपास मिळाले आणि डाव्या पक्षाचे (म्हणजे तीच जुनी पीडीएस, आता ‘दी लिंके’) पास्काल मायझर दीड टक्क्याच्या आसपास मागे राहिले. वैयक्तिक जादू गेल्यावर खरा आकडा दिसला, दुसरं काय.

2021 बद्दल बोलायचं तर अजून लाज वाटते. 26 सप्टेंबर, त्याच दिवशी शहरात मॅरेथॉन, रस्ते बंद, आणि प्रत्येक मतदाराला पाच कागद, सहा मतं, कारण संसद, विधानसभा, वॉर्ड आणि मोठ्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत का यावरचा सार्वमताचा कौल, सगळं एकदम. काही केंद्रांवर मतपत्रिका संपल्या, आमच्या भागात काही ठिकाणी चक्क शार्लोटनबुर्गच्या विधानसभेच्या मतपत्रिका पोचल्या. टीव्हीवर सहाला अंदाज सुरू आणि लोक रांगेत उभे. मी जिथे होते तिथे एक आजी काठी टेकून दीड तास उभी होती, खुर्ची दिली तर नको म्हणाली. शेवटी घटना न्यायालयाने डिसेंबर 2023 ला सांगितलं की 455 केंद्रांवर संसदेचं मतदान परत घ्या, ते 11 फेब्रुवारी 2024 ला झालं. अर्धी टर्म संपल्यावर परत मतदान, म्हणून आले कमी लोक. आणि इथे जर्मन गणिताचा कळस बघा, बायराम यांची सीट शाबूत, पण बर्लिनमध्ये एकूण मतं घटली म्हणून बर्लिनच्या यादीवरची एक सीट डाव्या पक्षाच्या हेसन राज्याच्या यादीकडे सरकली, आणि यादीतून आत आलेले मायझर घरी गेले. हरले कुणाकडूनच नाहीत, तरी गेले.

दरम्यान 2021 ला हाच पक्ष 4.9 टक्क्यांवर अडकून पुन्हा तीन थेट सीटांवर वाचला होता, लिष्टनबर्ग, ट्रेप्टो-क्योपेनिक आणि लाइप्झिगची एक. आपला मतदारसंघ त्यात नव्हता. मग 23 फेब्रुवारी 2025, बायराम उभ्या राहिल्या नाहीत, घरभाडी आभाळाला भिडलेली (माझ्या गल्लीत 2000 साली जे भाडं तीन खोल्यांचं होतं त्यात आज एक खोली मिळत नाही, आणि डाव्या पक्षाची पोरं दारोदार फिरून तेवढंच एक विचारत होती, तुमचं भाडं किती), आणि मायझर थेट जिंकले. 23 वर्षं ग्रीनकडे असलेली सीट गेली. डाव्यांनी देशात सहा मतदारसंघ जिंकले, त्यातला हा एक. 2002 ला अशी एक सीट कमी पडली म्हणून अख्खा पक्ष बाहेर राहिला होता, आणि यावेळी ती मिळाली तेव्हा त्यांना देशभरात 8.8 टक्के होते, तिची गरजच नव्हती.

हां, नंबर शोधताना गोंधळू नका, हाच मतदारसंघ 2002 ला 84 होता, 2013 ला 83 झाला आणि आता 82 आहे, दुसऱ्या राज्यांत एखादा कमी झाला की आमचा आकडा सरकतो.